खिडकीजवळचा ‘आ’

४ मार्च

घर नवं करायचं ठरलं! म्हणजे घर हेच, दोन खोल्या ह्याच, माणसंही हीच — आतलं सामान तेवढं बदलायचं. मुलगा म्हणतो, “आई, एवढ्याशा जागेतही छान राहता येतं. डोकं लावायला हवं फक्त.” मी म्हटलं, मग इतकी वर्षं काय लावत होतो?

सुनेने कुणी बाई शोधून काढली आहे. लहान घरं सजवून देते. आली तीच टेप हातात घेऊन. चपला काढायच्या आधी दार मोजलं. मग फ्रिज, ओटा, कपाट. गॅलरी बंद करून नातीला खोली केली आहे ना, तिथे जाऊन तिची पुस्तकं उभी किती, आडवी किती, तेही मोजलं. मी तिचं नाव मापवाली ठेवलं. मी आपली कोपऱ्यात माझ्या वळकटीवर बसले होते. मला म्हणाली, “आजी, जरा उठता का? मागची भिंत घ्यायची आहे.”

उठले. दुसरं काय!

८ मार्च

मापवालीने नकाशा पाठवला. नातीने तो छापून आणून फ्रिजला चिकटवलाय. छप्पर काढून वरून डोकावल्यावर दिसेल तसं घर. सगळे चौकोन, आणि चौकोनांत एकेक अक्षर. ‘सो’ म्हणजे सोफा. ‘टे’ म्हणजे टेबल. ‘क’ म्हणजे कपाट. माझी शाळा चौथीत सुटली, पण एवढं लागतं मला.

पुढच्या खोलीत, खिडकीजवळच्या भिंतीला लागून, एक लांबट चौकोन आहे. माणूस आडवा होईल एवढा. त्यात लिहिलंय — आ.

परत वाचलं. चष्मा पुसून परत.

कुणाला विचारलं नाही. त्यात विचारायचं काय!

९ मार्च

मला उचलावं लागणार नाही असं अंथरूण आजवर मिळालेलं नाही. लहानपणी सगळी भावंडं एका सतरंजीवर. उजाडलं की आई सतरंजीचं टोक धरून ओढायची, आम्ही बटाट्यांसारखे जमिनीवर गडगडायचो. मग लग्न झालं. ह्यांना पलंग होता. मला तो बाळंतपणापुरता, एरवी स्वयंपाकघराच्या दारात. हे गेले, तेव्हा मनात आलं की चला, आता पलंग आपला. तर ह्या घरात राहायला आलो, आणि पलंग दारातून आत शिरेना! आडवा करून पाहिला, तिरका करून पाहिला. शेवटी खालच्या मजल्यावरच्यांनी नेला. त्यांच्याकडे जाते तेव्हा अजून बघते त्याच्याकडे. त्यावर इस्त्रीचे कपडे असतात.

रोज उठा, गुंडाळा, कपाटामागे उभं करा. वळकटी उभी केली की मी ह्या घरात झोपते ह्याची काही खूणच राहत नाही. दुपारी पाठ टेकावीशी वाटली तर परत सगळं अंथरा. कोण अंथरतंय! खुर्चीतच पेंगते. सून म्हणते, “आई, मान अवघडेल, उशी घ्या.” उशी वळकटीत आहे ना बाई.

११ मार्च

सून कामावर, नात कॉलेजात. मुलगा घरूनच काम करतो — आतल्या खोलीत दार लावून, पलंगावर कॉम्प्युटर मांडून, कानांत ती बोंडं. छप्पर कोसळलं तरी त्याला कळायचं नाही.

‘आ’च्या जागी सध्या इस्त्रीचं टेबल आहे. ते सरकवलं. आणि जमिनीवर आडवी झाले. बघावं म्हटलं, इथून काय दिसतं.

समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी दिसते. टाकीवर कबूतर, बापाची इस्टेट असल्यासारखं. आणि टाकीच्या वर आकाश, टॉवेलाएवढं. खुर्चीतून आकाश दिसत नाही, खुर्चीतून टाकीचा नळच दिसतो. वारा आधी डोक्याला लागतो, मग पायांना. छान आहे. फारच छान आहे!

उठायला मात्र वेळ लागला. इस्त्रीचं टेबल धरून उठायला गेले, तर तेच खाली यायला निघालं.

१५ मार्च

नात फोनवर लहान घरांचे व्हिडिओ दाखवत बसते. लोकांची कमाल आहे. पायरी उघडली की आत चपला. आरामखुर्चीच्या पोटात रजया. एका घरात भिंत ओढली, तर आतून पलंग निघाला! सकाळी परत भिंतीत ढकलून द्यायचा. नात म्हणाली, “बघ आजी, दिवसा कळणारही नाही इथे पलंग आहे म्हणून. काय भारी आयडिया आहे ना!”

मी म्हटलं, ही आयडिया माझ्याकडे जन्मापासून आहे. वळकटी म्हणतात तिला.

हसून हसून लोळली कार्टी.

१८ मार्च

नातीबरोबर जुन्या सामानाच्या दुकानात गेले. ती म्हणते, नव्यापेक्षा जुनंच आता झोकात दिसतं. तिने एक पत्र्याची ट्रंक घेतली, तिचं टेबल करणार आहे. आम्ही अशा ट्रंका लाजून पलंगाखाली सारायचो.

मला एक दिवा दिसला. भिंतीत ठोकायचा, हिरव्या काचेची टोपी, आणि मान हवी तशी वळते. पडल्या पडल्या हाताने जवळ ओढता येईल असा. दुकानदार म्हणाला, “घ्या आजी, विंटेज आहे!” म्हटलं, विंटेज म्हणजे काय? म्हणाला, “जुनं, पण आता किंमत आलेलं.” मी म्हटलं, मग मला कोणत्या फळीवर बसवतोस?

घेतला. नातीने विचारलं, हा कुठे लावायचा? म्हटलं, आहे एक जागा. कपाटामागे ठेवलाय, जुन्या साडीत गुंडाळून.

२२ मार्च

भिंतींचा रंग ठरला. पांढरा. त्याच्यावर तिघांनी तास घातला, कारण पांढऱ्यालाही आता घराणी आहेत.

२५ मार्च

मापवाली आली होती. पुढच्या खोलीत उभी राहून हात हलवत सांगत होती. “इथे सोफा. हा उघडला की पलंग होतो, आजींसाठी. सकाळी बंद केला की पाहुण्यांना पत्ताही लागणार नाही!”

मी म्हटलं, आणि ते खिडकीजवळचं?

“तो आरसा, आजी. भिंतभर. पुढे कुंड्या ठेवायला बुटका कट्टा. आरशामुळे खोली दुप्पट दिसते.”

आ. आरसा.

तोंडातून निघून गेलं, “म्हणजे तुम्ही सगळे दोन-दोनदा दिसणार? एकेकदाच पुरे आहात!” सगळे हसले. सून मात्र माझ्याकडे बघत राहिली. म्हणाली, “आई, तुम्हाला काय वाटलं होतं?”

म्हटलं, आलमारी.

२६ मार्च

आरशाला जागा आहे. कुंड्यांनाही आहे. बोलायचं नाही असं ठरवलंय.

२९ मार्च

सगळे मिळून सोफ्याच्या दुकानात गेलो. मला उघडून बघायला सांगितलं. खालचा पट्टा ओढायचा, मग गुडघा लावून रेटायचं. उघडला कसाबसा. मिटेना! विकणारा पोरगेला माणूस म्हणाला, “सवय होईल, आजी.” म्हटलं, सवय व्हायला मी किती दिवस आहे ते तू सांगतोस का?

मुलगा वरमला. सून लगेच म्हणाली, “मी मिटत जाईन ना रोज, निघायच्या आधी.” ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये आहे, दिवसभर उभी. सकाळी सगळ्यांच्या आधी उठते. त्यात आता सासूच्या अंथरुणाची ही आणखी एक घडी.

नको म्हणाले नाही. हो पण नाही.

घरी आले आणि नेमकी त्या जागेकडे नजर गेली. काय आहे तिथे? इस्त्रीचं टेबल. तरी जीव तिथेच अडकतो. ह्या वयात माणसाने एखाद्या भिंतीसाठी झुरावं — कुणाला सांगायची सोय आहे का! तरुणपणी कुणासाठी झुरले असते तर निदान गंमत तरी आली असती.

१ एप्रिल

आज बोलले. बोलले काय, आडवीच झाले.

मापवाली सुताराला घेऊन आली होती. आज माप पक्कं करून तो लाकूड कापायला घेणार. आरशाच्या भिंतीला टेप लावला, आणि मला काय झालं कोण जाणे. टेबल सरकवलं, आणि सगळ्यांसमोर पडले खाली, सपाट.

मुलगा ओरडला, “आई! चक्कर आली का?” नातीने फोन काढला. म्हटलं, ठेव तो, नाहीतर जीभ बाहेर काढीन. मग मापवालीला म्हटलं, “बाई, तुम्ही दार मोजलंत, फ्रिज मोजलात, हिची पुस्तकं मोजलीत. मला मोजलंत का?”

सुतार छताकडे बघायला लागला.

मुलगा म्हणाला, “अगं, तुला सोफा घेतोय ना!”

“सोफा पाहुण्यांचा. मी पाहुणी आहे का?”

मापवाली बरी निघाली. गुडघ्यांवर बसली, टाचेपासून डोक्यापर्यंत टेप धरला. म्हणाली, “चार फूट दहा इंच.” मी म्हटलं, उशीचे धरा.

मग सून स्वयंपाकघरातून आली. हात ओले. माझ्याकडे बघितलं, भिंतीकडे बघितलं. मापवालीला म्हणाली, “आरसा काढा.”

एवढंच. परत आत गेली, नळ सोडला.

२ एप्रिल

नातीने आज सांगितलं. आरसा सुनेचा होता. म्हणजे हट्ट तिचा. तसल्या आरशाचं चित्र तिने फोनमध्ये कधीपासून जपून ठेवलंय, अधूनमधून काढून बघते. “आईला वाटायचं, घरात शिरल्यावर समोर मोकळं दिसावं. खोटं खोटं का होईना.”

मला ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं एका ओट्यावर कांदे चिरतो आम्ही.

संध्याकाळी तिला म्हटलं, अगं, आरसा दाराला लाव, अरुंद मिळतो तसला. म्हणाली, “असू दे आई. भिंतभर आरसा म्हणजे पसाराही भिंतभर.” हसली. मीही हसले. पण दोघींचंही हसू अर्ध्यावरच राहिलं.

१९ एप्रिल

पलंग आला! खाली खण, त्यांत सगळ्यांच्या रजया — असू देत, भाडं समजते. डोक्याशी हिरवा दिवा. मापवालीने छताला दांडी लावून पडदा दिलाय, ओढला की माझी वेगळी खोली. सुताराने जाताना दोन्ही हातांनी हलवून दाखवला. “आजी, हा आता कुठे जात नाही.”

२० एप्रिल

सकाळी उठले आणि सवयीने चादरीची टोकं धरली. मग सोडली.

अकराला परत जाऊन आडवी झाले. दमले नव्हते, दुखत नव्हतं. उगाच!

२८ एप्रिल

सून आज लवकर आली. मुलगा आत, दार लावून बोलत होता. ती चपला हातात घेऊन, आवाज न करता माझ्यापाशी आली. म्हणाली, “आई, जरा पडू का इथे? कुणी विचारलं तर मी अजून आलेच नाही.” भिंतीकडे तोंड करून, पर्स पोटाशी धरून लगेच झोपली. मी पडदा ओढला, खुर्ची बाहेर घेतली आणि बसले.

थोड्या वेळाने मुलाने आतून हाक मारली, “आई, ती आली का गं?”

म्हटलं, नाही.