तास्कोमेनसाठी घर

३ सप्टेंबर

आज गावात पोहोचलो. नावेच्या प्रवासात एकाही हत्याराची धार गेली नाही, कारण प्रत्येक पटाशी मी स्वतः मेणकापडात गुंडाळली होती. आमच्या इंग्रजी किल्ल्यावरच्या दुसऱ्या सुतारांनी सगळे एकाच पोत्यात कोंबले असते.

निघताना आमचे कॅप्टन हॉल्सी धक्क्यापर्यंत पोहोचवायला आले आणि सगळ्यांदेखत मला 'मास्टर एडमंड', म्हणजे उस्ताद कारागीर, म्हणाले. मी कुणाकडे उमेदवारी केलेली नाही. सुतारकाम पाहून पाहून शिकलो, अक्षरेही तशीच गिरवली, आणि या नदीकाठच्या लोकांची भाषा सहा वर्षांत कानाने उचलली. म्हणूनच हे काम माझ्याकडे आले. तह झाला त्याची भेट म्हणून इथल्या प्रमुखाला, तास्कोमेनला, इंग्रजी धाटणीचे घर बांधून द्यायचे आहे. ओकच्या फळ्या, कौलांसारख्या बसवलेल्या लाकडी चिपांचे छप्पर, दाराला कुलूप. नकाशा कॅप्टननी स्वतः काढून दिला आहे.

तास्कोमेनने हरणाचे मांस, मक्याची भाकरी आणि अक्रोडाचे दूध पुढे ठेवले. पहिला घास त्याने आपल्या वाडग्यातला दिला. एका वाडग्यातले खाल्ले की माणूस घरचा झाला, असे इथे धरतात. फार वर्षांनी पोटभर आणि मजेत जेवलो.

८ सप्टेंबर

इथे घरे बायका बांधतात. त्यात सगळ्यांत जाणकार म्हणजे तास्कोमेनची थोरली बहीण वेनुकाह. ती माझे काम बघायला आली आणि कमरेवर हात ठेवून उभी राहिली. तुमच्यात पुरुष घरं बांधतात, मग बायका शिकारीला जातात की काय, असे तिने विचारले. बरोबरच्या बायका पोट धरून हसल्या. मी म्हटले, किल्ल्यावर बायका अजून फारशा आलेल्याच नाहीत. तर म्हणाली, तरीच तुमची घरं अशी रुसून बसल्यासारखी दिसतात.

मग मला तिने बांधलेले एक घर दाखवायला नेले. वाकवलेल्या कोवळ्या खोडांचा सांगाडा आणि वर चटया. आत गेल्यावर तिने हवी तिथली चटई उचलली आणि सरळ बाहेर पडली, पुन्हा दुसरीकडून आत आली. काम नीटस आहे, हे मान्य करतो. तिने विचारले की तुझ्या घरातून घाईनं बाहेर पडायचं झालं तर काय करायचं. मी म्हटले, आमच्या घरातून कोणी घाईने बाहेर पडत नाही. त्यावर, सुतारा, तुझं लग्न झालेलं दिसत नाही, असे म्हणून निघून गेली.

२५ सप्टेंबर

भिंती उभ्या राहिल्या. फळ्या इतक्या जुळल्या आहेत की सांध्यात चाकूचे पाते शिरत नाही. खिडक्या नकाशाप्रमाणे वीतभर रुंद ठेवल्या. माझ्यावर असते तर मोठ्या केल्या असत्या. पण नकाशा तो नकाशा.

कुलूप माझ्या स्वतःच्या कल्पनेचे आहे. दोन्ही बाजूंनी उघडते. तास्कोमेन सकाळपासून किल्ली फिरवत बसला आहे. शेजारच्या गावांतली म्हातारी माणसे त्याने बोलावून आणली. सगळे ओळीने बसून कुलपाचा आवाज ऐकतात आणि माना डोलावतात. वेनुकाह म्हणाली की भाऊ स्वतःच्या लग्नात एवढा खूश नव्हता. हसलो, पण छाती फुगली हेही लिहून ठेवतो.

६ ऑक्टोबर

किल्ल्यावरून डांबराची पिंपे आली. भिंती आणि छप्पर बाहेरून दोनदा, जाड लेप देऊन माखावे, असा हुकूम. मी निकोलसला म्हटले की मुरलेल्या ओकला एवढे डांबर लागत नाही, हे जहाजाचे काम झाले. निकोलस कॅप्टनचा माणूस, माझा जुना सोबती. तो म्हणाला, बाबा रे, मला कशाला शिकवतोस, त्यांना शिकव.

माखले. कुठे एक ओघळ दिसणार नाही. वेनुकाह नाक दाबून लांबून गेली. या घरात माशासुद्धा पाहुण्या येणार नाहीत, म्हणाली.

१४ ऑक्टोबर

मेजवानीचा दिवस ठरला. या गावातले आणि शेजारच्या गावांतले सगळे जाणते लोक नव्या घरात जेवणार. अन्न किल्ल्यावरून येणार.

आज कॅप्टनच्या माणसांनी दाराच्या दोन्ही अंगांना, बाहेरून, लोखंडी आकडे ठोकले. हिरव्या डहाळ्या टांगायला, असे म्हणाले. ते गेल्यावर मी आकडे पाहिले. खिळे वीतभर लांब. डहाळी टांगायला असे खिळे कोणी मारत नाही. आकड्यांची तोंडे वर वळलेली, दोन्ही एका पातळीत. दार बाहेर उघडते, तेही नकाशातच होते.

उरलेल्या लाकडांतली एक तुळई उचलून आकड्यांत ठेवून पाहिली. बसली. दार तसूभरही हलेना.

लगेच काढून ठेवली.

१५ ऑक्टोबर

निकोलसला विचारले.  तो म्हणाला, तू त्या दिवशी आत बसू नकोस, पोट बिघडलंय म्हणून सांग. का, असे विचारले तर म्हणाला, एवढं शहाणपण शिकलास, हेही तूच ओळख.

ओळखले. पण तह झाला तेव्हा कॅप्टन तास्कोमेनच्या याच वाडग्यातले जेवले आहेत. मी पाहिले आहे.

मला त्यांनी मास्टर म्हटले ते या भिंतींसाठी.

१६ ऑक्टोबर

तास्कोमेनला सगळे सांगितले, आकडे, तुळई, डांबर.  तो म्हणाला, तुझ्या कॅप्टननं माझ्या हातचं खाल्लंय, आणि त्याचं आमंत्रण मी मोडलं तर थंडीच्या तोंडावर लढाई माझ्या लेकरांवर येईल. आणि, तू बांधलंयस ना, मग मी कशाला भिऊ.

वेनुकाहने विश्वास ठेवला. तिला भिंतीला भोक पाडायचे होते. भावाने मना केले — भेटीला हात लावायचा नाही. भाऊ आत जाणार तर मीही जाणार, म्हणाली.

१७ ऑक्टोबर

घराभोवती कॅप्टनचा पहारा. आकड्यांपर्यंत जाऊ देत नाहीत. शेवटची तपासणी म्हणून आत गेलो. नदीच्या बाजूची एक फळी सैल करायची होती, एकच. फळ्या धरणाऱ्या लाकडी खुंट्या निघेनात. परवाच्या पावसाने फुगल्या आहेत, आणि मी बसवल्या आहेत. पटाशीचे टोक तुटले. आवाज ऐकून निकोलस आला, हत्यारे घेऊन गेला. माझ्याकडे बघितले नाही.

एकच उपाय उरतो. मी आत बसायचे. आपल्या माणसाला ते जाळतील का — नाही, आपल्या माणसाला नाही. मी आत दिसलो की थांबतील.

१८ ऑक्टोबर

आत बसलो आहे. दारासमोर, म्हणजे कॅप्टनना दिसेन. मांडीवर वही, जेवण मोजतो आहे असे दाखवतो.

दिसलो. ते थबकले. मग खांद्यावर हात ठेवून म्हणाले, मास्टर एडमंड, पोटभर जेवा. नजराणा आणतो, म्हणून बाहेर गेले. मागून त्यांची माणसे, एकेक करून.

दार लागले.

तास्कोमेन हसत किल्ली फिरवतो आहे. कुलूप उघडले — दार नाही. सगळे हसले. पुन्हा फिरवली.

आता कोणी हसत नाही.

डांबराचा वास. भिंती गरम.

वेनुकाह भिंत चाचपते आहे, तिच्या घरात जिथे जिथे वाट असते तिथे — सगळीकडे — थांबली. माझ्याकडे वळली. ओरडली नाही. म्हणाली, सुतारा, तू बांधलंस, तुला ठाऊक असेल, कुठून जायचं.

सगळे माझ्याकडे बघत आहेत. म्हातारी माणसे उठून माझ्यामागे ओळीने उभी राहिली, मी नेईन म्हणून. मला इथली प्रत्येक खुंटी माहीत आहे. त्यांना मी काय सां—