रेडकूचे पाय

४ फेब्रुवारी

पाय वाकडे दिसतायत. पुढचे दोन्ही.

सकाळी अप्पांना दाखवलं. म्हणाले, कुत्र्याची पिल्लं सगळीच फेंगडी चालतात, तूही चालायचीस. मी पुन्हा पाहिलं. उजवा पंजा मनगटापाशी बाहेर वळलाय. डावाही, थोडा कमी. दुकानात दिवसभर काचा घासताना तेच डोळ्यांसमोर. चष्म्याच्या काचेला बाक हवा तेवढाच हवा, जरा जास्त झाला की माणसाला सपाट फरशी चढणीची वाटते. काचेचा बाक मोजायचं यंत्र आहे माझ्याकडे. हाडाचा कशाने मोजू?

कदाचित काही नसेलही.

५ फेब्रुवारी

आहे.

८ फेब्रुवारी

आई गेली, मग अप्पा पडले, खुब्याचं हाड मोडलं, आत सळई बसवली. हाड जुळलं, पण अप्पा खुर्चीतून उठेनात. हाडाच्या डॉक्टरांनी चाला म्हटलं, मी चाला म्हटलं, दादाने परदेशातून रोज फोन करून चाला म्हटलं. अप्पा म्हणायचे, कुठे जायचंय?

डिसेंबरात दादा आला आणि न विचारता हे पिल्लू त्यांच्या पायाशी ठेवून परत गेला. मोठ्या जातीचं. वाढलं की माझ्या कमरेला लागेल म्हणे. मी दादाशी आठवडाभर बोलले नाही. अप्पांनी मात्र त्याच दिवशी नाव ठेवलं — रेडकू. इतकं काळं, इतकं जड, इतकं बावळट.

आता अप्पा काठी टेकत फाटकापर्यंत जातात. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. रेडकू पुढे, अप्पा मागे, कोण कोणाला नेतंय कळत नाही.

उद्या हे चालेनासं झालं तर अप्पा फाटकापर्यंत कोणासाठी जातील?

हे मी कोणाला बोलले नाही. इथे लिहिलं.

९ फेब्रुवारी

दुकानात माझ्या शेजारच्या यंत्रावर जो बसतो त्याला आम्ही प्रोफेसर म्हणतो, कारण त्याला सगळं येतं. त्याने ऐकून घेतलं आणि निकाल दिला — कॅल्शियम कमी पडतंय. एवढं मोठं कुत्रं म्हणजे हाडांचा कारखाना, माल कोण पुरवणार? पावडर मिळते, घाल बिनधास्त.

येताना आणली. डब्यावर एका डौलदार कुत्र्याचं चित्र, पाय खांबासारखे. एक चमचा घालायचा होता. दोन घातले.

१३ फेब्रुवारी

आज लंगडलं. फाटकापाशी बसलं ते उठेना. अप्पा त्याच्यासमोर काठीवर वाकून उभे, अर्धा तास, मावशी सांगत होत्या. मावशी म्हणजे मी कामावर असताना अप्पांजवळ थांबतात त्या. शेवटी शेजारच्या शिंप्याने उचलून आत आणलं.

तोंडाभोवती आणि कोपरांवर खपल्या धरल्यात. हे काय नवीन?

तीन चमचे.

१६ फेब्रुवारी

प्राण्यांच्या डॉक्टरबाईंकडे. मधली खोली, स्टीलचं टेबल, रेडकूचे पंजे त्यावरून सारखे घसरत होते. दोन एक्स-रे काढले. बाईंनी काय खातं विचारलं. मी पिशवीतलं खाणं सांगितलं, मोठ्या जातीच्या पिल्लांचं, महागातलं. त्यांनी मान डोलावली. मग मी जरा अभिमानानेच पावडर सांगितली.

त्यांनी पेन खाली ठेवलं.

म्हणाल्या, कॅल्शियम कमी पडलं तरी हाड वाकतं आणि जास्त झालं तरी वाकतं. लोकांना फक्त पहिली भीती असते. पूर्ण वाढलेल्या कुत्र्याला जास्त दिलं तर ते बरंचसं बाहेर टाकतं. दूध पाजणाऱ्या कुत्रीला तर एरवीच्या कितीतरी पट लागतं. म्हाताऱ्याचं वेगळंच, तिथे मूत्रपिंडं थकलेली असतात, फॉस्फरस सांभाळावा लागतो. "पण या वयाच्या पिल्लाला नको म्हणता येत नाही. दार सताड उघडं. तुम्ही द्याल तेवढं सगळं आत."

पिशवीत कॅल्शियम आणि फॉस्फरस एकमेकांच्या मापाने घातलेले असतात. आपण वरून एकच ओतलं की माप मोडतं. आणि जादा कॅल्शियम जस्ताला आत येऊ देत नाही — खपल्या त्याच्या.

तीन चमचे! मी घातले. माझ्या हाताने.

अजून वेळ आहे म्हणाल्या. हाडांची टोकं मऊ आहेत, वाढ चालू आहे. आताच थांबवलं तर सरळ होऊ शकतील. वाढ संपल्यावर वाकलेलं राहिलं तर हाड कापून पुन्हा जोडावं लागेल, आणि तेवढं करूनही खात्री नाही. दोन आठवडे पिशवीतलं सोडून काही नाही. उड्या नाहीत, जिना नाही.

रिक्षात रेडकू माझ्या मांडीवर झोपलं. केवढं जड झालंय.

१७ फेब्रुवारी

पावडर कचऱ्यात. प्रोफेसरला सांगितलं. म्हणाला, कंपनी चुकीची घेतलीस.

२२ फेब्रुवारी

खपल्या जात नाहीत. पाय तसेच. माझा धीर सुटत चाललाय. दहा वेळा वाकून बघते, म्हणून रेडकूला वाटतं खेळायचंय.

आज सुटी. सकाळी मिक्सरचं भांडं घ्यायला गेले तर तळाशी पांढरी पूड. मावशींना विचारलं. त्यांनी लपवलं नाही, उलट मलाच ऐकवलं. अंड्याची टरफलं. धुऊन, वाळवून, वाटून. पाय वाकडे झालेले त्यांना माझ्या आधीच दिसले होते. "तुम्ही दुकानात. दिवसभर त्याचे पाय बघायला मी असते. माझ्या दोन्ही मुलींना हेच घालून वाढवलंय, धावण्याच्या शर्यतीत पहिल्या येतात."

मी डॉक्टरबाईंचं सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि भांडं घासत होत्या, जोरात. शेवटी म्हणाल्या, "बरं. नाही घालत. उद्या काही झालं तर मला म्हणू नका."

संध्याकाळी भाजीत मीठ नव्हतं. मुद्दाम की चुकून, विचारलं नाही.

अप्पांनाही विचारलं, तुम्ही काही देत नाही ना? ते फाटकाकडे बघत होते. म्हणाले, मी काय देणार, माझ्याच तोंडाला चव नाही.

२ मार्च

पुन्हा एक्स-रे. पुन्हा ते टेबल. सुधारणा नाही. उजवा उलट थोडा वाढलाय. रक्तही घेतलं, ते तासाभरात कळलं: रक्तात कॅल्शियम जास्त. आजही!

"घरात अजून कोणीतरी देतंय," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, कोणी नाही. मावशींनी शब्द दिलाय. डॉक्टरबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, ते जास्त वाईट. म्हणाल्या, खरंच कोणी देत नसेल तर मला दुसरं कारण शोधावं लागेल, आणि आतूनच असं वाढायची जी दुसरी कारणं असतात त्यातलं एकही चांगलं नाही. ग्रंथी. गाठी. पोटाचा फोटो काढू, परवा या.

घरी आले. अप्पा खुर्चीत, चपला घालून तयार. रेडकूने शेपटी आपटली पण उठलं नाही. अप्पांनी त्याच्याकडे पाहिलं. चपला काढून त्यांनी खुर्चीखाली नीट जोडीने ठेवल्या.

अशाच ठेवल्या होत्या त्यांनी, पडल्यानंतर. कितीतरी महिने.

३ मार्च

लिहिलं नाही तर ओरडेन.

सुटी घेतली होती. अप्पा अंघोळीला गेलेले. मी त्यांचं खुर्चीजवळचं स्टूल पुसत होते. चष्मा, पाण्याचं भांडं, गोळ्यांची डबी. डबी उचलली, खुळखुळली.

रेडकू आतल्या खोलीत होतं. गेले चार दिवस खायला हाक मारली तरी उठत नाही. ते आलं. लंगडत, घसरत, पण आलं. माझ्यासमोर बसलं, मान वर, लाळ गळतेय. शहाण्यासारखं वाट बघत.

मी डबी पुन्हा हलवली. त्याने पंजा उचलला.

अप्पांच्या हाडांच्या गोळ्या. कॅल्शियम. आणि सोबत ड जीवनसत्त्व — हे मला डबीवरचं वाचल्यावर कळलं. फोन केला. डॉक्टरबाईंचा आवाज बदलला. रोज किती? माहीत नाही. कधीपासून? माहीत नाही. म्हणाल्या, ड जीवनसत्त्व साठत जातं, मूत्रपिंडांना धोका आहे, आत्ताच्या आत्ता घेऊन या.

न्हाणीघराच्या दाराबाहेर उभी राहून विचारलं. आतलं पाणी थांबलं.

"रोजच्या दोन्ही," अप्पा आतून म्हणाले.

पावाच्या तुकड्यात घालून. ते आलं त्या आठवड्यापासून.

रिक्षात अप्पाही आले. कपडे कसेबसे घातलेले, केस ओले. तेच बोलायला लागले, स्वतःशी बोलल्यासारखे. अप्पांनी जन्मभर लिफ्ट बसवल्या. म्हणाले, वजन वाढणार हे माहीत असलं की तार आधी जाड घालतात, नंतर नाही. याचं वजन वाढणार हे दिसतच होतं. मी म्हटलं, त्या दिवशी मी विचारलं तेव्हा का नाही सांगितलंत? म्हणाले, पाय वाकडे होत चाललेत, आणि तू सगळं बंद करायला निघालीस. एवढ्याने तरी त्याला आधार राहील असं वाटलं.

मग म्हणाले, "मी नसेन तेव्हाही त्याला उभं राहता यायला हवं ना."

मी बाहेर बघत राहिले.

रेडकूला सलाईन लावून ठेवून घेतलंय. पायाचे केस काढून सुई लावली. बाहेरच्या बाकावर अप्पा बसून होते, घरी चला म्हटलं तर ऐकेनात. त्यांनी डॉक्टरबाईंना एकच विचारलं — पुष्कळ देणं ही चूक कशी काय असू शकते? बाई म्हणाल्या, काका, तीच गोळी तुम्हाला औषध आहे.

अप्पा हसले. का हसले, कळलं नाही.

४ मार्च

फोन नाही.

४ मार्च, दुपारी

मीच केला. लघवी होतेय. हे चांगलं आहे म्हणे. मी चांगलं आहे चांगलं आहे म्हणत दुकानभर फिरले. प्रोफेसरने पाणी आणून दिलं आणि पहिल्यांदाच काही सांगितलं नाही.

६ मार्च

मूत्रपिंडं वाचली. "आजच्या रक्तावरून तरी," डॉक्टरबाई म्हणाल्या. रक्तातलं कॅल्शियम उतरतंय. पोटाच्या फोटोत गाठबीठ काही नाही. पायांचं आता काही सांगता येत नाही.

घरी आणलं. मावशींनी दारातच त्याच्या कानाला धरून सांगितलं, आता हवा खा फक्त. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, निदान मी तरी विचारल्यावर सांगितलं होतं.

अप्पांनी ऐकलं. चहाचा कप उचलून तोंडासमोर धरला, रिकामा.

७ मार्च

नवा नियम. अप्पा गोळी माझ्यासमोर घेणार, पाणी पिणार, तोंड उघडून दाखवणार. आज दाखवलं. "जीभ पण उचलू?" विचारलं. रेडकू पंजा वर करून बसलेलं, शेवटपर्यंत.

१५ मार्च

खपल्या पडताहेत. खालचं कातडं गुलाबी.

अजून लंगडतं. स्वप्नात मी त्याचे पाय यंत्राखाली धरून घासतेय, आणि बाक जात नाही.

२४ मार्च

एक्स-रे. मी डोळे मिटून घेतले होते. डॉक्टरबाईंनी जुना आणि नवा शेजारी लावले आणि मला बोट ठेवून दाखवलं. फरक आहे! थोडा, पण आहे. डावा जवळजवळ सरळ. उजव्याची टोकं अजून उघडी आहेत, वाढ बाकी आहे. बहुतेक कापावं लागणार नाही. बहुतेक हा शब्द त्यांनी दोनदा वापरला, तरी मला रडू आलं.

संध्याकाळी दोघं फाटकापर्यंत गेले. मी आणि मावशी खिडकीत. मावशी म्हणाल्या, कोण जास्त लंगडतंय सांगा बघू.

२८ मार्च

अप्पांची हाडांची तपासणी. गोळ्या मध्ये बंद पडल्या होत्या म्हणून मीच आग्रहाने नेलं. हाडाच्या डॉक्टरांनी आकडे पाहिले, मागच्या वर्षीचे काढून पाहिले. खूप खाली गेलेत. कधीपासून घेत नव्हते, मला विचारलं. मी पिल्लाची गोष्ट सांगितली, जरा हसवायच्या सुरात. डिसेंबर ते मार्च.

ते हसले नाहीत. म्हणाले, हे तीन महिन्यांत होत नाही.

अप्पा शर्टाची बटणं लावत होते. खालून वर, एकेक.

२९ मार्च

विचारलं. रेडकू यायच्या आधी गोळ्या कोणाला देत होतात?

"कोणालाच नाही. मी घेतच नव्हतो."

का?

फाटकापाशी उभे होतो. रेडकू रस्त्यावरच्या माणसांकडे बघत होतं. अप्पा काठीची मूठ चोळत राहिले.

"हे आलं नसतं," म्हणाले, "तर तुला कळलंही नसतं."