गाडीचा अर्थ ढिला झाला, त्याविषयी

प्रिय मेहुणे यांस,

थोरल्या भाऊजींचा नमस्कार. तुम्ही बरे असाल, तुमचा गुडघा बरा असेल, आणि तुमच्याकडे मुक्कामाला आलेली तुमची ताई तर बरी असणारच. इथून निघताना ती चांगली ठणठणीत होती. दार आपटल्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत गेला. माझं म्हणाल तर झोप नाही, छातीत धडधड होते, आणि नवी कवळी अजून तोंडात रुळलेली नाही, खुळखुळते. (तुम्ही हौसेने गाडीत टेप बसवून दिलात त्याच आठवड्यात डॉक्टरांनी ही कवळी बसवली. दोन्ही वस्तू उत्तमच आहेत, माझी तक्रार नाही.)

तिने तिची बाजू सांगितलीच असेल. माझी अशी. गाडी निघाली की कुठेतरी बारीक शीळ वाजते, असं तिचं म्हणणं. गाडी हळू तर शीळ हळू, वेग वाढला की शीळ चढते. मला ती ऐकू येत नाही. (हल्ली मला जाड आवाजच तेवढे कळतात. दाराची घंटा वाजली की ती मला ढोसते, मग मी उठतो.) पण शीळ टेपमधूनच येत असणार हे मी लगेच ओळखलं, कारण गाडीत नवीन तेवढाच होता. त्या दिवशी पुलावर मागून ट्रक आला, मी घाबरून वेग वाढवला, तशी ती ओरडली, "अहो, आधी तोंड बंद करा!" मेहुणे, शपथेवर सांगतो, मी अवाक्षर काढलं नव्हतं. मलाही राग आहे. म्हटलं, "सहन होत नसेल तर उतर." ती उतरली (पूल संपल्यावर), घरी येऊन पिशवी भरली, आणि शीळ थांबेपर्यंत घरात पाऊल ठेवणार नाही असं बजावून बसने तुमच्याकडे आली. तेव्हापासून घरात मी आणि भिंतीवरचं घड्याळ. चहा मीच करतो. तो दुसऱ्या कोणाला प्यावा लागत नाही, एवढंच त्यात बरं.

तेव्हा शीळ शोधणं भाग होतं. आमच्या गल्लीत गाड्यांच्या वायरी बघणारा एक जण आहे, त्याला सगळे करंट म्हणतात. त्याने गाडीत डोकं घातलं, बराच वेळ काहीबाही उचकटलं आणि गंभीर चेहऱ्याने बाहेर येऊन म्हणाला, "काका, तुमच्या गाडीला अर्थच नाही."

मला फार लागलं. शाळेत मास्तर माझ्या निबंधांना हेच म्हणायचे, म्हणून तर मी सातवीतच हात जोडले. मी म्हटलं, "अरे, या गाडीतून मी मुलीला सासरी पोचवली, बायकोला दवाखान्यात नेली-आणली, आणि तू अर्थ नाही म्हणतोस?"

"तसं नाही हो काका! अर्थ म्हणजे अर्थिंगची वायर. ही बघा, काळी. ढिली झालीय. म्हणून इंजिनचा आवाज स्पीकरात घुसतो."

त्याने पत्र्यावरचा रंग खरवडला, बोल्ट आवळला, अर्थ घट्ट केला. मी चक्कर मारली, तो मागे कान देऊन बसला. "आहे," म्हणाला. वायरी दुसऱ्या बाजूने नेल्या. "आहे." स्पीकर काढले. "आहे." शेवटी टेपच उपसून माझ्या मांडीवर ठेवला (मी तसाच गाडी चालवत होतो, काय अवस्था झाली असेल विचार करा), तरी "आहे!" आता करंटचाही चेहरा उतरला. वाजणारं सगळं काढून घेतलं तरी गाडी गातेच आहे म्हणजे काय! मग त्याने स्वतः चालवली, मी शेजारी बसून माझ्या बाजूने ब्रेक दाबत राहिलो. (तिथे ब्रेक नाही, पण पाय ऐकत नाही.) तरी आहेच.

पुढच्या तपशिलात शिरत नाही. दोष सापडला, शीळ गेली. अर्थच ढिला होता असं धरून चाला. ताईच्या कानावर सहज घाला. घाई नाही, तिला हवं तितकं राहू दे.

तुमचा,
भाऊजी

ता. क. इथवरचं तिला वाचून दाखवा, पुढचं नको. शेवटी करंट म्हणाला, "काका, काढण्यासारखं सगळं काढून झालं. आता तुम्हीच उरलात. उतरा बघू." मी उतरलो. तो एकटाच चक्कर मारून आला. "नाही!" मी बसलो. "आहे!" मग भर रस्त्यात त्याने माझ्या तोंडाला कान लावला आणि म्हणाला, "काका, जरा घाबरून दाखवा." दाखवण्याची गरजच नव्हती. शीळ कवळीतून येते. गाडीचा वेग वाढला की माझा श्वास वाढतो, आणि ती वाजते.

आणखी ता. क. म्हणजे 'तोंड बंद करा' हे ती रागाने म्हणाली नव्हती, दुरुस्ती सांगत होती. सबंध गाडीत तिच्या त्या एका वाक्यालाच अर्थ होता, आणि तोच मला लागला नाही. हे तिला सांगू नका. नाही, सांगाच, मला धीर होणार नाही. रविवारी मी तिला न्यायला येतो. गाडी चालवायची म्हणून कवळी खिशात असेल, त्यामुळे दारात उभा राहून मी जे काही बोलेन ते कोणालाच कळणार नाही. तो माणूस माफी मागतोय, एवढं तिला आधीच सांगून ठेवा.