यब्बोककाठची शिष्टाई

तीर्थरूप एलीफल मामांच्या सेवेशी, भाचा हशूब याचा दंडवत. तुमच्या उंबऱ्याला शांती असो. मामींचा दमा, तुमचा गुडघा आणि ती लाथाळ गाढवी, सगळी बरी असावीत. मी जिवंत आहे (आज सकाळीच मान चाचपून खात्री केली).

मामा, आपल्या गिलादच्या वडीलधाऱ्यांनी मला शेजारच्या अम्मोनच्या राजाकडे वकील म्हणून धाडलं (बाकी सगळ्यांना नेमकी त्याच आठवड्यात पाठदुखी सुरू झाली). राजाचं म्हणणं, आर्णोन नदीपासून यब्बोक नदीपर्यंतची जमीन आपल्या पूर्वजांनी त्याच्या पूर्वजांकडून लाटली. मुकाट्याने परत करा, नाहीतर सैन्य येतं. मी पाठ केलेलं उत्तर घडाघडा म्हटलं. ती जमीन अम्मोन्यांची नव्हतीच, अमोरी नावाच्या दुसऱ्याच लोकांची होती; आम्ही नुसती वाट मागितली, त्यांनी तलवार काढली आणि हरले. त्याला तीनशे वर्षं झाली, मग महाराज इतके दिवस झोपले होते काय? (हे शेवटचं जरा मऊ आवाजात म्हणायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात ते खेकसल्यासारखं निघालं.)

राजा मेंढीची बरगडी चोखत म्हणाला, "तीनशे वर्षं राहिलं की जागा आपली होते होय रे? माझ्या कोठारातले उंदीर त्याहून जुने आहेत." मी म्हटलं, तुमच्या मिलकोम देवाने दिलं ते तुम्ही ठेवा, आमच्या देवाने दिलं ते आम्ही ठेवतो. तो म्हणाला, "मिलकोमने तर तुलाच दिलंय आज माझ्या हातात." मामा, सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दाराशी उभ्या भालेकऱ्यांकडे बघता बघता मला एक तोड सुचली, ती राजाला पसंत पडली आणि द्राक्षांचा हंगाम उरकेपर्यंत लढाई टळली. इकडे आपल्या मिस्पा गावात लोक मला खांद्यावर घेऊन नाचले. तुमच्या भाच्याने गिलाद वाचवलं, मामा.

आपला आज्ञाधारक,
हशूब

ता. क. तोड अशी, की सलोख्याची खूण म्हणून आपल्याकडून एक मळा द्यायचा. ऐन वेळी मला आठवला तो यब्बोककाठचा तुमचाच.

ता. क. दुसरा. हे पत्र घेऊन आलेले धिप्पाड गृहस्थ त्या मळ्याचे नवे मालक, राजाचे सेनापती. त्यांना आपली अक्षरं वाचता येत नाहीत, तेव्हा कृपा करून हसतमुखाने वाचावं आणि आधी त्यांना जेवू घालावं.