गुंड्या लावलेला कोट

१२ जून १९६३, बुधवार
डाव्या हातानं लिहितोय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. रामराव वकील क्लेम कोर्टातून डॉक्टरचे दोन्ही दाखले घेऊन आले. त्या लॉरीनं बसस्टँडपाशी आम्हा दोघांना एकदमच उडवलं, मला नि शेजारच्या कापडवाल्या हणमंतण्णाला. त्याच्या पायाला रुपयात आठ आणे अधूपण. माझ्या उजव्या अंगठ्याला एक आणा. भरपाईही त्याच हिशेबानं. तो दिवसभर गादीवर बसून कापड मोजतो. मी कटर. अंगठा वाकत नाही, कात्री काय दातांत धरू?
जळफळाट झाला. इथं लिहितोय, बाहेर कुणाला सांगू?

१४ जून
ह.च्या बायकोनं चिरोट्या धाडल्या. माझ्या बायकोनं, सरसूनं डबा पुढं ठेवला. "अक्कानं मुद्दाम केल्यात, खा की."
खाल्ल्या. चांगल्या लागल्या म्हणून जास्तच राग आला.

१७ जून
रामरावांनी दाखला वाचून दाखवला. 'इसम नीटनेटका, कोटाच्या सगळ्या गुंड्या लावून आला. बोटांची बारीक हालचाल शाबूत.'
"शंकरण्णा, गुंड्या कुणी लावल्या?"
आतून सरसू, "मी. दुसरं कोण लावणार?"
वकिलांनी कपाळाला हात लावला. पण शिंप्याच्या घरातून साहेबापुढं उघड्या कोटानं कोण जातं? बाबा म्हणायचे, अंगावरचा कोट हीच आपली पाटी. डॉक्टरनं अंगठा धरूनसुद्धा बघितला नाही.
ह. मात्र त्या दिवशी दाढी न करता, मळक्या धोतरात गेला होता. मुद्दाम? असेल. नसेलही.

२४ जून
फेरतपासणीचा अर्ज दिला. हा दाखला राहिला तर दुकान गेलंच म्हणायचं. न कापलेली कापडं गिऱ्हाइकं परत नेतायत.
ह.नं आज दोन सूट समोरच्या नव्या कटरकडं धाडले. वर मलाच म्हणतो, "तू बरा झालास की सगळं तुझ्याकडंच रे." बसल्या जागी मोठेपणा. आठ आणेवाला.

३ जुलै
अर्ज मंजूर. दुसरा डॉक्टर, मंगळवारी. रामराव बजावून गेले, "या खेपेला जसे आहात तसे जा. सरसूबाई, हात लावायचा नाही."

९ जुलै, मंगळवार
सरसूनं कोट चढवला आणि हात मागं घेतला. उघड्या कोटानं गल्लीत आलो. बाबा असते तर बोलणं टाकलं असतं.
ह.नं गादीवरून पाहिलं. "शंकरा, गुंड्या राहिल्या की. थांब स्वल्प."
नको नको म्हणेपर्यंत उठला. भिंतीला धरून पायऱ्या उतरला, दात आवळून. लॉरीनं उडवल्यापासून त्याला पायऱ्या उतरताना मी कधी बघितलंच नव्हतं. खाली येऊन सगळ्या गुंड्या लावल्या, कॉलरसुद्धा सारखी केली. "सरी, झालं. आता शिंपी दिसतोस."
काय सांगणार होतो? की मला आज गबाळं दिसायचंय? वाटेत डाव्या हातानं सोडायला गेलो, जमेना. काजं माझीच, घट्ट.
डॉक्टर म्हणाले, "कोट काढा."
अंगठा लाकूड. मग डावा हात. घाम फुटला. खूप वेळानं वरची एक गुंडी सुटली आणि जिवाला इतकं बरं वाटलं की मी हसलो. डॉक्टरांनी तेवढ्यात काहीतरी लिहिलं. "पुरे," म्हणाले.
सुटलेली गुंडी लिहिली की न सुटलेल्या, कळलं नाही. कागद पालथा घातला.
परत आलो तर ह. पाय उशीवर घेऊन बसलेला, घोटा टम्म. "काय झालं रे?"
"बघू."
सकाळच्या पायऱ्यांनीच सुजला असणार, माझ्यापायी. तरी घरात शिरताना मनात आलं, याला कुणी काही काढून दाखवायला सांगितलं नाही.
बाकीच्या गुंड्या सरसूनं सोडल्या.