गालातला नमुना

सोमवार, ४
पोचलो बाई एकदाचे! प्रयोगशाळा खाली, बिऱ्हाड वर. कामावर जायला चपलासुद्धा नकोत. पहिल्याच दिवशी प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी माझ्या गालाच्या आतून काडी फिरवून नमुना घेतला. इथे सगळ्यांचाच घेतात, म्हणजे कामात चुकून आपलीच जनुकं मिसळली तर लगेच ओळखू येतात. माझी सात वर्षांची चिमणी हटून बसली, माझाही घ्या. काडी लागताच गुदगुल्यांनी लोळली कार्टी. मॅडमनाही हसू आवरेना.

गुरुवार, ७
इमारतीच्या पाण्याच्या टाकीत सापडलेल्या एकपेशी जीवाचं कूळ शोधायचंय. दिसायला अमिबा, पण जनुकं कुणाशीच जुळत नाहीत. सासरच्या माणसांपेक्षा बरा, निदान टोमणे मारत नाही. मॅडम म्हणाल्या, पाणी उकळून प्या. चिमणीला कोण सांगणार? ती नळालाच तोंड लावते.

मंगळवार, १२
बशीत वाढवलेल्या त्या जीवाचं आज जुळलं, पण चक्क माणसाशी! धांदरटपणा केला म्हणून स्वतःलाच चार शिव्या घातल्या आणि पुन्हा केलं. तेच. माझ्या नमुन्याशी ताडलं, तर निम्मं माझं. मग चिमणीच्या नमुन्याशी ताडलं.
तंतोतंत.

गुरुवार, १४
चिमणी हल्ली हट्ट करत नाही. जेव म्हटलं की जेवते. आधी मला बरंच वाटलं होतं. आता सारखं पाणी मागते. मी तिच्या गालातून पुन्हा काडी फिरवली. हसली नाही. नुसती बघत राहिली.

शुक्रवार, १५
मॅडमना सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, नमुन्यांची सरमिसळ झाली असणार, जीव वाढवलेल्या सगळ्या बशा संपवा, नव्याने सुरू करू. एकेका बशीत ब्लीच ओतलं. एकही ठेवली नाही. सुटले, असं वाटलं.

शनिवार, १६
परवाच्या काडीचा निकाल आला. त्यात मी नाही. तिचे बाबा नाहीत. माणूसच नाही — नुसता टाकीतला तो —
मग माझी चिमणी कुठे —
बशीत. तंतोतंत होती. बशीत होती ती, आणि काल मी —
दार वाजतंय. ‘आई’ म्हणून हाक मारतेय, पाणी दे म्हणतेय. आवाज तिचाच. कशी उघडू? माझी चिमणी तर मीच, माझ्या हातांनी —