अंगाच्या रंगाचा खडू

गुरुजी, तुम्ही माझं बोट मोडलंत त्याला इतकी वर्षं झाली की आता ते वाकडं बोटच मला सरळ वाटतं. तुम्हाला जाऊनही बराच काळ लोटला. मेलेल्या माणसाशी भांडू नये म्हणतात, पण तुम्ही जिवंत असताना तुमच्याशी भांडायची कुणाची छाती होती? माझ्या वडिलांची तर नव्हतीच. मला पहिल्यांदा तुमच्या वर्गात सोडताना ते हात जोडून म्हणाले होते, "गुरुजी, कातडं तुमचं, हाडं आमची. मारा, झोडा, पर पोरगी शिकली पायजे." तुम्ही मान डोलावलीत. कातडं तर तुम्ही घेतलंतच, पुढं एक हाडही घेतलंत, आणि वडील तेव्हाही तुमच्याच बाजूनं राहिले.

तुमची ती पितळी कडेची सागवानी पट्टी सगळ्या गावाला ठाऊक होती. पाढा चुकला तर आडवी, शाळा बुडवली तर उभी, कडेनं, बोटांच्या पेरांवर. एका पोराचं डोकं तुम्ही फळ्यावर असं आपटलंत की त्याच्या नाकातलं रक्त फळ्यावरच्या गणितावर उडालं. तुम्ही फडकं घेतलंत, गणित आणि रक्त एकदमच पुसलंत आणि पुढचं उदाहरण घातलंत. आणि तोच हात खडूच्या एका रेघेत वशिंडाचा बैल उभा करायचा. चित्रकला शिकवायला कुणी वेगळं नव्हतं, तुम्हीच होतात. माझा हात बरा वळतो म्हणून तुम्ही मला तेलखडूंची पेटी दिलीत. त्यातली एक गुलाबी कांडी वर काढून म्हणालात, "ह्यो अंगाचा रंग. मानूस काढायचा तर ह्योच." मी माझ्या मनगटाकडं पाहिलं, शेजारणीनं तिच्या. आम्हा कुणाचंच अंग त्या रंगाचं नव्हतं. तुमचं तर नव्हतंच. तुम्ही रोज सकाळी तोंडाला पावडर थापून यायचात आणि दुपारपर्यंत घामाचे काळे ओघळ त्यातून मानेपर्यंत उतरायचे. आम्ही मान खाली घालून हसायचो, आणि चित्रातली माणसं गुलाबी रंगवायचो.

तपासणीचा दिवस तुम्हाला आठवत असेल. जीपमधून साहेब उतरले. आपला शिपाई गोरा, इस्त्रीचा सदरा घालून दारात उभा. साहेबांनी त्याला नमस्कार केला, हातातली डब्याची पिशवी तुमच्याकडं फेकली आणि म्हणाले, "ए, पाणी आण रे." सगळा वर्ग बघत होता. तुम्ही पिशवी उचललीत आणि पाणी आणलंत. जीप गेली, आणि मी मूर्ख पोरगी, त्याच दुपारी माझं चित्र घेऊन तुमच्यापुढं उभी राहिले. पेटीतला एकही रंग तुम्हाला लागू पडेना म्हणून मी चुलीतला कोळसा आणि गेरू कुटून घरी तुमचं चित्र काढलं होतं. तोंडावरची पावडर चित्रात घेतली नव्हती. ते चित्र देखणं होतं गुरुजी, आजही शपथेवर सांगते.

"ह्यो मी?"

"व्हय गुरुजी."

"एवढा काळा?"

"व्हय," मी म्हणाले. मला वाटलं तुम्ही चित्राचं कौतुक करताय.

मग पट्टी उभी झाली. मी बोटं मिटली नाहीत, मिटली की जास्त बसायची. कितव्यांदा ते ठाऊक नाही, पण तुराटी मोडावी तसा आवाज आला आणि तुम्ही थांबलात. चित्राचे तुकडे करून तुम्ही माझ्याच अंगावर टाकलेत. घरी आईनं बोटाला हळद आणि तेलाची चिंधी बांधली. वडील म्हणाले, गुरुजींनी मारलंय म्हणजे काहीतरी केलंच असशील.

मला मास्तरकीची नोकरी लागली तेव्हा मी पेढे घेऊन तुमच्याकडं आले. तुम्ही तेव्हा अंथरुणाला खिळला होतात आणि तोंडाला पावडर नव्हती. बोटाचा विषय तुम्ही काढला नाहीत, मीही नाही. निघताना तुम्ही उशाखालून ती पट्टी काढलीत आणि माझ्या हातात दिलीत. म्हणालात, "लागंल तुला." मी ती घेतली. तिनं रेघा मारीन, एवढंच, असं स्वतःला बजावत घरी आले.

आता मी बेंबळीच्या पुढच्या एका गावात सहावीला शिकवते. यंदा एका उपक्रमात आमची केनियातल्या एका शाळेशी गाठ पडली. त्यांनी त्यांच्या मुलांचे फोटो पाठवायचे, आम्ही आमच्या. इथल्या प्रत्येकानं तिथल्या एकाचा चेहरा रंगवायचा, तिथल्यांनी इथल्यांचा, आणि चित्रांची अदलाबदल. जग किती तऱ्हेच्या माणसांचं आहे हे पोरांना पुस्तकाबाहेर कळावं, एवढाच माझा हेतू. फोटो मी झेरॉक्सच्या दुकानातून रंगीत काढून आणले. पोरं दोन दिवस खपली. तिसऱ्या दिवशी चित्रं भिंतीला लावायला घेतली, तेव्हा पाहिलं. सगळे चेहरे गुलाबी. केनियातली सगळी लेकरं त्याच एका कांडीनं रंगवून काढलेली.

पहिल्या बाकावरच्या मुलीला मी विचारलं, "फोटो बघितला नाहीस का?"

"बघितला की मॅडम. लई काळी हाय ती. तशीच काढली तर तिला वाईट वाटंल. म्हून जरा चांगली केली."

ती स्वतः तिच्या फोटोतल्या मैत्रिणीहून फारशी उजळ नाही. माझं डोकं फिरलं. हातात तुमचीच पट्टी होती, ती वर गेली. आणि त्या पोरीनं, मी काही न सांगता, डोळे गच्च मिटून तळहात पुढं केला. घरी सवय असणार. बोटं सरळ, न मिटलेली. माझा हात वरच राहिला आणि मग तसाच खाली आला. पट्टी टेबलावर ठेवून मी सगळ्यांना व्हरांड्यात नेलं, मनगटाला मनगट लावून उभं केलं आणि म्हणाले, सांगा, यातला अंगाचा रंग कुठला? खूप गलका झाला. मग आम्ही गुलाबी कांड्या बाजूला काढल्या आणि तपकिरी, निळा, पिवळा एकमेकांवर घासून चेहरे पुन्हा रंगवले. त्या मुलीनं कपाळावर पिवळ्याची एक रेघ दिली आणि केनियातली तिची मैत्रीण उन्हात उभी राहिली. तुम्ही असतात तर पाठ थोपटली असतीत, किंवा काय केलं असतंत कोण जाणे.

सोयाबीनची मळणी चालू असताना तिकडून पार्सल आलं. तिथल्या पोरांनी आमची पोरं जशी आहेत तशीच काढली होती, भाजलेल्या मातीसारखी, तेजदार. ती मुलगी स्वतःचं चित्र कितीतरी वेळ बघत राहिली. "ही मी व्हय?" असं हळूच म्हणाली. मग ती हसली, आणि चित्र छातीशी धरून घरी गेली.

दुसऱ्या दिवशी शाळा भरताना तिचा बाप आला. मळणीयंत्रावर काम करणारा माणूस, केसांत भुसा, एका मुठीत चुरगळलेलं चित्र आणि दुसऱ्या मुठीत लेकीची वेणी. "माज्या पोरीला काळं कुनी केलं?" तो ओरडला. "उद्या हिचं लगीन जमवायचं हाय मला. भिंतीवर लावून गावाला दावनार व्हय?" आणि त्यानं चित्र टराटरा फाडलं.

"आप्पा, मीच हाय ती," पोरगी म्हणाली.

त्यानं तिच्या थोबाडीत मारली. ती भिंतीवर आपटली, ओठ फुटला. सावरून उभी राहिली आणि पुन्हा म्हणाली, "मीच हाय." त्यानं पुन्हा हात उगारला. टेबलावरची पट्टी माझ्या हातात कधी आली मला कळलं नाही. कडेनं, उभी, त्याच्या पेरांवर बसली. एकदा नाही, दोनदा.

तो हात धरून दारातच खाली बसला. मला वाटलं आता हा उठून माझा जीव घेणार. तो पोरीच्या ओठाकडं बघत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, माजी माय मला वजरीनं घासायची. टाचा घासायचा दगुड असतो ना, त्यानं. रगत निघंस्तवर. गोरा हो म्हनून." पोरगी चित्राचे तुकडे वेचत होती. त्यानंही एक उचलला, कपाळाचा होता, आणि तिच्या हातावर ठेवला.

त्यानं तक्रार केली नाही. मुख्याध्यापकांनी मला बजावलं, तेही बरोबरच. चिकटपट्टीनं जोडलेलं ते चित्र आता दारासमोरच्या भिंतीवर आहे, तिनंच लावलं. मी मात्र त्या दिवसापासून तुमचाच विचार करते. तुम्हाला कुणी घासलं होतं गुरुजी? आईनं, की साहेबांच्या त्या पाण्याच्या तांब्यानं? हे विचारतेय म्हणून मी तुम्हाला माफ केलंय असं समजू नका. बोट थंडीत अजून ठणकतं, आणि ठणकलं की मी तुम्हाला शिव्याच देते.

हे पत्र कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक गोष्ट लिहून टाकते. नवऱ्यालाही सांगितलेली नाही. त्या माणसाच्या पेरांवर पट्टी बसली, तो आवाज आला, तेव्हा मला बरं वाटलं. दुसऱ्यांदा मारलं ते पोरीसाठी नव्हतं.

तुम्हालाही बरं वाटायचं का, गुरुजी?